सैल पडलेली मूठ

कोहिनूर, ता. बसवकल्याण, १८ ऑक्टोबर २०२४

चि. शैलश्रीला दोड्डप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तिकडं आता थंडी पडायला लागली असंल. कानाला बांधत जा. आपल्या घराण्याचे कान नाजूक, माझ्याकडं बघून शहाणी हो. तुझ्या खोलीतल्या त्या व्हिएतनामच्या पोरीच्या आईचं ऑपरेशन होतं, ती माउली घरी आली का? तुझे सर तापातून उठले का? इथं तुझी अव्वा अंबिका बरी आहे. तिचा गुडघा बोलतो, पण ती त्याला उलट उत्तर देत न्हाई. आमच्या कारभारणीचा, रुद्रम्माचा, बीपी गोळीवर चालू आहे. गोळी चुकली की तिचा आवाज चढतो, मला तेवढाच ऐकू येतो. गंगम्मा आत्याला डाव्या डोळ्यानं दिसायला लागलं. दिसायला लागल्यापासून सगळ्यांच्या घरातलं जळमट तिला दिसायलंय. म्हैस व्याली, वगार झाली.

तुझ्या अप्पाचं, माझ्या धाकट्या बसूचं, मुद्दाम शेवटी ठेवलं. फोनवर तुझी अव्वा सगळं 'बरं हाय' म्हणती, आणि मला फोनवर माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. म्हणून म्हटलं आपण कागदावर लिहावं. कागदाचा फोटो काढून तुला पाठवायचं मी शिकलोय, तूही तसंच लिहून पाठव. टाइप केलेलं मला वाचल्यासारखं वाटत न्हाई.

श्रावणात लकवा झाला तेव्हापासून बसूची जीभ बरीच वळली. पाय ओढत का व्हयना, परसापर्यंत जातो. पण डावी मूठ वळलीय ती वळलीय. नखं तळव्यात रुततात, अंबिका मधी कापूस घालती. तुला ठाऊक आहे, आठव्या वर्षी लिंगदीक्षा झाली तेव्हापासून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याबिगर त्यानं पाण्याचा घोट घेतलेला न्हाई. आता तळहातच मिळंना. मठपती अय्या येऊन सांगून गेले, "अडचणीत उजवा हात चालतो, बसवप्रभू." तर हा म्हणतो, "उजव्या हातानं मी जलमभर गिरणीचा पट्टा चढवला, उंदीर मारले. त्याच्यावर देवाला कसं घेऊ, अय्या?" तबकात ठेवून बघ म्हटलं, तर तोंड फिरवून बसला. रोज दुपार व्हस्तोर हे भांडण चालतं. मग अंबिका रडती, मग हा घोटभर आंबील पितो. पोट पाठीला लागायलंय त्याचं.

तू हे वाचून पळत येऊ नको. तो स्वतः म्हणतोय, "पोरीचं पुस्तक पुरं झाल्याबिगर तिला बोलवशील तर तुझं नाव टाकीन."

आणि एक विचारायचं राहिलं. मी चौथी शिकलो, बाकीचं सगळं दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून वाचलं. रद्दीत कधी 'धातूची काच' असं आलं न्हाई. धातू तो धातू, काच ती काच. तू नेमकं काय करायलीस ते मला समजंल असं लिही. गावात लोक विचारतात, मी 'भांड्याचं काहीतरी' म्हणून सांगतो.

तुझा,
महादेवप्पा दोड्डप्पा


सेंदाई, जपान, २१ ऑक्टोबर २०२४

दोड्डप्पांना आणि घरातल्या सगळ्यांना शरणु शरणार्थ.

खोकला गेला. व्हिएतनामी मैत्रिणीची आई घरी आली, तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. 'कान नाजूक असलेले काका' म्हणून ती तुम्हाला ओळखते. सरही उठले, त्यांचा तापच परवडला असता, आता ते माझ्या मागे लागलेत.

'भांड्याचं काहीतरी' हे फार चुकीचं नाही. ऐका. साध्या धातूत कण पंगतीला बसल्यासारखे असतात. ओळीत, मांडीला मांडी लावून. धातू वितळला की पंगत उठते. तो सावकाश थंड केला की सगळे पुन्हा आपापल्या पानावर येऊन बसतात. पण काही धातू एकमेकांत मिसळून एकदम थंड केले, तर कणांना बसायला वेळच मिळत नाही. सोमवारच्या बाजारात माणसं जशी जिथं आहेत तिथं अडकतात, तसे ते उभेच्या उभे गोठतात. ही धातूची काच. पोलादाहून बळकट, पण थंड असताना वाकवायला गेलं तर एका रेघेत फाटते.

तिला गरम केलं की मात्र गंमत होते. वितळायच्या कितीतरी आधी ती सैल पडते आणि घट्ट काकवीसारखी वाहायला लागते. तेव्हा हवा तो आकार देता येतो. पण जास्त वेळ गरम ठेवलं तर कण हळूहळू पंगतीत बसायला लागतात, आणि एकदा बसले की ती ठिसूळ होते. म्हणजे वेळ थोडा असतो. किती उष्णतेला, किती जोरानं दाबलं तर ती कशी वाहील, कधी तुटेल, हे भट्टी न पेटवता आधीच सांगता यावं म्हणून मी संगणकावर गणित मांडते. माझी मैत्रीण खरे तुकडे गरम करून दाबते, मी माझ्या आलेखाची रेघ तिच्या रेघेला जुळते का बघते. चार वर्षं हेच.

त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. हळू दाबलं की ती वाहते, घाईनं दाबलं की तेवढ्याच उष्णतेला तुटते. अप्पांची मूठ जोर लावून उघडू नका. इथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनाही मी विचारलं. कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा, मग करंगळीपासून एकेक बोट, अगदी सावकाश. अडलं की तिथंच थांबा, ओढू नका, नुसतं धरून ठेवा. हात स्वतःच थोडा पुढं जाईल.

प्रबंध डिसेंबरच्या मध्याला द्यायचाय. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहा-बारा दिवस येऊन जायचं तिकीट काढून ठेवलंय, काम घरी बसूनही करता येईल. अप्पांना सांगू नका, उगाच चिडतील. तुम्ही मला खरं लिहीत राहा. अव्वाचं 'बरं हाय' मला झोपू देत नाही.

तुमची,
शैलश्री


कोहिनूर, ६ नोव्हेंबर २०२४

चि. शैलश्रीस आशीर्वाद.

दिवाळी झाली. वगारीचं नाव गंगम्मा आत्यानं 'जपानी' ठेवलं, तुला राग येऊ नये. सगळे जागच्या जागी आहेत.

तुझं पत्र मी बसूला दोनदा वाचून दाखवलं. पंगतीचं ऐकून त्याला हसू फुटलं. म्हणाला, "म्हणजे माझा हात बाजारात अडकलाय म्हण की. त्याला पंगतीला बसव." मी म्हटलं, "आरं, पंगतीला बसला तर ठिसूळ व्हतो म्हणं." तर म्हणतो, "मग उभ्यानंच जेवू दे."

तू सांगितलं तसंच करायलोय. सकाळी चुलीवर पाणी ठेवायचं, कोपराला सोसंल इतपत. त्यात त्याचा हात. मी समोर बसतो, अंबिका मनगट धरती. पहिल्या दिवशी मीच घाई केली, तो कळवळला, आणि अंबिका मला म्हणाली, "भावजी, पोरगी काय लिहायलीय आणि तुम्ही काय करायलाव?" तेव्हापासून मी करंगळी धरून नुसता बसतो. अडलं की थांबतो. मला ऐकू येत न्हाई, त्याला नीट बोलता येत न्हाई, तवा आम्ही भाऊ-भाऊ एकमेकांचं तोंड बघत बसतो. गेल्या सोमवारी करंगळी आणि शेजारचं बोट उघडलं, बाकीची आज. तळहात पुरता उघडत न्हाई, वाटीसारखा होतो. पण लिंग राहतं त्यात. तेवढ्या वेळात पूजा आटपायची, कारण पाण्याची ऊब गेली की मूठ परत मिटायला लागती. मग मी हळूच लिंग काढून घेतो.

आज पूजा करून तो एक भाकरी जेवला, वर दूध मागितलं. रुद्रम्मा म्हणाली, "पोरीनं जपानातून दवा पाठवली." मी म्हटलं, दवा न्हाई, अक्कल पाठवली.

तिकिटाचं मी कुणाला बोललो न्हाई.

तुझा,
दोड्डप्पा


सेंदाई, १० नोव्हेंबर २०२४

दोड्डप्पांना शरणु शरणार्थ.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं आणि मैत्रिणीला भाषांतर करून सांगितलं. अप्पांचं 'उभ्यानंच जेवू दे' ऐकून ती इतकी हसली की सर बाहेर आले. जपानीला माझा नमस्कार.

इकडं माझी रेघ जवळजवळ जुळली. फक्त शेवटी जरा लबाडी होते. तुकडा गरम करून दाबत नेला की एका ठिकाणी तो माझ्या गणितापेक्षा जास्तच सैल पडतो. एकदम हलका, जणू विरोधच करत नाही. हा मैत्रिणीच्या यंत्रातला दोष असणार असं मी म्हणते, म्हणून ते शेवटचे ठिपके गाळून बाकीची रेघ जुळवलीय. छान बसते. सर मान डोलावत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत.

अप्पांच्या जेवणाचं लिहीत जा. भाकरी किती, भात किती. त्याच्यावर माझा दिवस जातो.

तुमची,
शैलश्री


कोहिनूर, २७ नोव्हेंबर २०२४

चि. शैलश्रीस,

आज खुशाली विचारायच्या आधी खुशाली सांगतो.

तुझ्या अप्पाची मूठ उघडली. पाणी चुलीवर ठेवायच्या आधीच. सकाळी अंबिका उठवायला गेली तर हात गोधडीच्या बाहेर, तळवा वर, पाचही बोटं मोकळी. तिला आधी वाटलं झोपेत असंल. तिनं मला खांद्याला धरून नेलं, मी हात हातात घेतला, तर कुठं अडणं न्हाई, ओढणं न्हाई. तान्ह्या लेकराच्या हातासारखा मऊ. जिकडं न्यावा तिकडं जातो. मी त्याला म्हटलं, "बसू, तुझा हात मोकळा झाला की रं." तो हसला. जरा तिरकं हसला, पण हसला.

पूजा त्यानं पुरती केली. कापूस न्हाई, पाणी न्हाई, घाई न्हाई. टक लावून लिंगाकडं बघत बसला. तळहात इतका सपाट की लिंग एकदा घरंगळलं, मी खालून ओंजळ धरूनच होतो. मग मांडीवर उशी ठेवली, उशीवर हात, हातावर लिंग. अंबिकानं सणासारखी गोड हुग्गी केली. गंगम्मा आत्या अर्ध्या गावाला सांगून आली. मठपती अय्या बघायला आले, त्यांनी त्याच्या तळव्याला आपलं कपाळ लावलं. म्हातारा माणूस, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या.

तो दमलाय जरा. दिवसभर झोपतो, बोलायचा कंटाळा करतो. पायही हलका वाटतो म्हणती अंबिका, पण उठवायला गेलं की सगळं अंग भिजल्या गोधडीवानी जड. इतके महिने ताठ राहून शीण आला असणार. भालकीच्या डॉक्टरला पुढल्या गुरुवारी दाखवायचंच आहे, तेव्हा त्यालाही हात दाखवू. चांगल्या बातमीला गाडी कशाला पळवायची.

हे तुझ्या सांगण्यानं झालं, पोरी. मी गावात सांगतोय की भांड्याचं न्हाई, माणसाचं काम करती ती.

तुझा,
दोड्डप्पा


सेंदाई, २८ नोव्हेंबर २०२४

दोड्डप्पांना शरणु शरणार्थ.

मी पत्र वाचून जिन्यातच बसले. परत वाचलं. अव्वाला फोन केला तर तीही हसत होती. खूप दिवसांनी तिचं 'बरं हाय' मला खरं वाटलं.

अप्पांना सांगा, मला त्यांच्या तळहाताचा फोटो हवाय. चेहरा नको, चेहरा मी बघितलाय.

आता एक ठरवलंय ते सांगते. पुढच्या आठवड्यातलं तिकीट मी पुढं ढकललं. अप्पा बरे होत असताना मी घाईघाईत येऊन अर्धं लक्ष प्रबंधात ठेवायचं, त्यापेक्षा प्रबंध देऊन टाकते आणि डिसेंबरअखेरच्या वेळ अमावास्येच्या सणाला येते. मग महिनाभर राहते. शेतात कडब्याची कोप करू, भज्जी करू, आंबिलीचं मडकं मी डोक्यावर घेते, अप्पांना बैलगाडीत बसवू. तुम्हाला चालेल ना? सरांनाही बरं वाटलं.

शेवटचा भाग लिहायचा राहिलाय. दोड्डप्पा, आज चार वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुणाच्या तरी उपयोगाचं आहे असं वाटतंय.

तुमची,
शैलश्री


टोकियो विमानतळ, ३ डिसेंबर २०२४

दोड्डप्पा,

अव्वाचा फोन आला तशी निघाले. हे तिकिटाच्या पाठीवर लिहितेय. विमानाला अजून वेळ आहे. परवा सकाळपर्यंत मी कोहिनूरला पोचते, हैदराबादहून गाडी सांगितलीय.

अप्पांना ठेवा. बसवकल्याणला बर्फाची पेटी भाड्यानं मिळते, ती आणा. परवा सकाळपर्यंतच. मला एकदा बघू द्या. एवढंच करा. लगेच लिहा.

शैलश्री


कोहिनूर, ३ डिसेंबर २०२४

बाळा,

पेटी आली आहे. तुझं पत्र यायच्या आधीच पोरांनी आणली, दारात उभी आहे.

ती पेटी आडव्या माणसाची आहे. बसूला आम्ही बसवलंय. आपल्यात आडवं मातीला देत न्हाईत हे तुला मी काय सांगू. पहाटं त्याचा श्वास थांबला आणि अंगात ऊब होती तोवरच अंबिकानं आणि मी त्याला उचलून भिंतीला टेकवला, मांडी घातली, खुंटीला पट्टा बांधून मान सरळ केली. ते तेव्हाच करावं लागतं, मागाहून अंग ऐकत न्हाई. आता तो तसाच घट्ट झालाय. पेटीत घालायचा तर मांडी मोडावी लागंल. ते मी करणार न्हाई, आणि दुसऱ्याला करू देणार न्हाई.

बसलेलाच बर्फाच्या लाद्यांत ठेवून बघितला. पाण्यानं विभूती ओघळायला लागली आणि तो एका अंगाला कलायला लागला. अंबिका म्हणाली, "भावजी, तुम्ही म्हणाल तसं." म्हणजे हे माझ्याच अंगावर आहे, तिला बोल लावू नको. परवापर्यंत तो असा राहणार न्हाई, पोरी. तू जो बघायला येशील तो तुझा अप्पा राहणार न्हाई.

दिवस बुडायच्या आत समाधी देणार. तू ये. तोंड दिसणार न्हाई, पण ये.

दोड्डप्पा


टोकियो विमानतळ, ३ डिसेंबर २०२४

मग मी कुणासाठी येऊ? तुम्ही थांबला नाहीत. मी परत चाललेय.

शैलश्री


कोहिनूर, ३१ डिसेंबर २०२४

चि. शैलश्रीस आशीर्वाद.

तू बरी आहेस का, एवढंच विचारतो. बाकीचे सगळे आहेत. अंबिकाचा फोन तू घेतीस आणि हो-नाही करून ठेवतीस, तेवढ्यावर ती दिवस काढायलीय. ती घरात असली की गिरणीच्या दिशेच्या खिडकीला पाठ करून बसती.

काल वेळ अमावास्या झाली. जायचं न्हाई असंच ठरलं होतं. पण रुद्रम्मानं सकाळी मुकाट्यानं भज्जीचं सामान काढलं, तेव्हा गेलो. तूर वाळत आलीय. कोपीभोवती 'ओलगे ओलगे' म्हणत फिरायला दरवर्षी बसूचा आवाज पुढं असायचा, मला ऐकू यायचा असा तोच एक. काल मी ओठ हलवले. आंबिलीचं मडकं गंगम्मा आत्यानं धरलं. तिच्या हातून थोडी सांडली.

तू रागावलीस ते तुझ्या जागी बरोबर आहे. पण तू तिथं नव्हतीस, तेव्हा काय केलं ते तुला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते मीच सांगणार. त्याला आंघोळ घातली. विभूती लावली, नवं धोतर नेसवलं. खड्ड्यात कोनाडा खणला होता, त्यात बसवला. भोवतीनं बेलाची पानं, विभूतीचे गोळे, मीठ. सगळ्यांनी माती दिली. माती छातीपर्यंत आली तोवर मी बघितलं, मग बघितलं न्हाई.

आणि हे एक. पहाटं त्याला भिंतीला टेकवल्यावर अंबिकानं त्याच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. हात मऊच होता. मी एकेक बोट त्याच्यावर मिटवलं, करंगळी सगळ्यात शेवटी. धरून बसलो. ती मिटली तशीच राहिली. जी मूठ उघडायला आपण तिघांनी एवढे दिवस घातले, ती मीच मिटली. ते तुला सांगितल्याबिगर मला राहवंना.

तू लिही किंवा लिहू नको. मी लिहीत जाईन.

दोड्डप्पा


सेंदाई, १६ फेब्रुवारी २०२५

दोड्डप्पांना शरणु शरणार्थ.

परवा माझी प्रबंधाची परीक्षा झाली. पास झाले. अव्वाला सांगितलंय.

एवढे दिवस लिहिलं नाही कारण लिहायला बसले की तुम्हाला दोष देणारंच वाक्य पहिलं यायचं. आज दुसरं लिहायचंय.

प्रबंध देताना सरांनी ते गाळलेले ठिपके परत मागितले. म्हणाले, "यंत्राचा दोष असता तर प्रत्येक तुकड्याला त्याच ठिकाणी का येईल?" मग तुकडे चिरून बघितले. जिथं तो एकदम सैल पडत होता तिथं आत बारीक भेगा पडायला लागलेल्या होत्या. बाहेरून आकार तसाच, विरोध मात्र संपलेला. मी ज्याला छान वाहणं समजत होते ते तुटण्याची सुरुवात होती. शेवटचं प्रकरण मी नव्यानं लिहिलं, मुदत वाढवून घेतली. परीक्षकांना तेच आवडलं.

त्याच आठवड्यात मी त्या व्यायामवाल्या बाईंकडे गेले. तुमचं सत्तावीस नोव्हेंबरचं पत्र त्यांना शब्दनशब्द सांगितलं. त्यांनी तारखा परत विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, लकव्यानं आखडलेला हात हळूहळू सुटतो. एका रात्रीत सगळाच सैल पडला, झोप वाढली, अंग जड झालं, तर तो बहुतेक नवा झटका असतो. तेव्हाच दवाखाना गाठायचा असतो.

दोड्डप्पा, मी तिकीट पुढं ढकललं ते त्या हातावर विसंबून. तुम्ही हुग्गी केलीत, मी जिन्यात बसून रडले, आणि अप्पा तिकडे जात होते. मला एकच विचारायचंय आणि खरं उत्तर हवंय. तुम्हाला माहीत होतं का? माझा प्रबंध अडू नये म्हणून तुम्ही मला चांगलं तेवढं लिहिलंत का? तसं असेल तर सांगा. मग निदान रागवायला कुणीतरी राहील.

शैलश्री


कोहिनूर, २० फेब्रुवारी २०२५

चि. शैलश्रीस आशीर्वाद.

तुझ्या परीक्षेचं अंबिकानं सगळ्या गल्लीला सांगितलं. मठपती अय्यांनी तुझ्या नावानं बेल वाहिला. गंगम्मा आत्या पडली आहे, खुब्याला लागलंय, पण तोंड शाबूत आहे. रुद्रम्मा बरी. जपानी दांडगी झालीय, दावं तोडती.

तू विचारलंस त्याचं उत्तर. न्हाई. मला माहीत नव्हतं. मला ठाऊक असतं आणि लपवलं असतं तर तुला रागवायला माणूस मिळालं असतं, हे मला कळतं. तुझ्यासाठी मी हो म्हणायलाही तयार झालो होतो, दोन कागद तसे लिहून फाडले. पण तू खरं मागितलंस. मी तो मऊ हात हातात घेतला आणि मला देव भेटल्यासारखं झालं. अंबिकाला झालं, अय्यांना झालं. एवढ्या माणसांत एकानंही 'असा कसा झाला' म्हणून विचारलं न्हाई. आपल्याला तळहात पाहिजे होता, तळहात मिळाला, पुढचं कुणी बघितलं न्हाई. डॉक्टर गुरुवारचा ठरला होता, तो गुरुवार बसूनं बघितलाच न्हाई.

तुझ्या त्या बाईंचं म्हणणं मी अंबिकाला सांगितलं न्हाई. तू सांगायचं का, हे तू ठरव. मला वाटतं सांगू नये, पण माझ्या वाटण्यावर आता माझाच भरवसा न्हाई.

एक मात्र तुला सांगतो, त्यातून काय घ्यायचं ते तू घे. हात उघडल्यापासून जाईपर्यंत तो रोज पूजा करून जेवला. थोडंच जेवला, पण कुणाशी भांडला न्हाई. आपण लगेच नेलं असतं तर कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. तिथं नळ्या लावतात, गळ्यातलं लिंग काढून घरच्यांच्या हातात देतात. कदाचित वाचलाही असता. आपण चुकलो त्यानं त्याला ते दिवस मिळाले, का त्याचे पुढचे दिवस गेले, हे मला ठरवता येत न्हाई. परसात बसतो, एकदा असं वाटतं, एकदा तसं. तुलाही तसंच वाटत असणार. एकमेकांना सांगत गेलं तर निदान दोघांना मिळून वाटंल.

आता कामाचं. बसूच्या समाधीची माती खचली आहे. आतली पोकळी भरत येती तशी वरची माती बसती, मधोमध परातीएवढा खळगा पडलाय. आपल्या घरात तो खळगा रक्ताच्या माणसानं भरायचा असतो, आणि आधी लेकरानं. मी भाऊ आहे, मला चालतं, लोकही म्हणायले की महादेवप्पा, वाट कुणाची बघायलास, कुत्री उकरतील. परवा अंबिका टोपली भरून निघाली होती. मी तिच्या हातातून टोपली घेतली. एकदा तुझ्यासाठी थांबलो न्हाई, ते बसूच्या अंगापायी थांबता येत नव्हतं. मातीला घाई न्हाई. मी खळग्यावर फरशी टाकून ठेवलीय आणि सगळ्यांना सांगितलंय, कुणी एक मूठ टाकायची न्हाई.

तू कधी येतीस ते लिही. चैतात, आषाढात, कधीही. पण लवकर लिही, मी दोन दिवसांनी एकदा फरशी उचलून बघून येतो, आणि लोकांना सांगायला मला काहीतरी पाहिजे.

तुझा,
दोड्डप्पा